सांगाडा आणि व्यवहारनियम

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील हलक्या धानाची कापणी उरकते, मळणी होऊन कट्टे भरले जातात आणि तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या केंद्रांवर आधारभूत दराने धान खरेदी करण्याचा मोठा सरकारी व्यवहार सुरू होतो. कट्टा काट्यावर चढण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्याचे नाव, त्याचा सातबारा, त्याचे बँक खाते आणि त्या हंगामातील धानाखालील क्षेत्र यांची नोंद आता संगणकावर झालेली असावी लागते, आणि ती नोंद नसेल तर अंगणात धानाची रास पडलेली असूनही त्या शेतकऱ्याला केंद्रावर दाद मिळत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा जवळजवळ सर्वस्वी धानावर जगतो. येथे खरेदीचे काम राज्य सहकारी पणन महासंघ, म्हणजे लोकांच्या तोंडचे मार्केटिंग फेडरेशन, आणि देवरी-सालेकसाकडील आदिवासी पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळ, अशा दोन यंत्रणा स्थानिक सहकारी संस्थांच्या द्वारे करीत असतात.

मागील प्रकरणात आपण पाहिले की एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या नमुन्यात मजकूर पाठवावा आणि त्याने ठरलेल्याच नमुन्यात उत्तर द्यावे, यासाठी उभारलेली व्यवस्था म्हणजे वेब-सर्व्हिस. या प्रकरणात त्या व्यवस्थेच्या अंतरंगात शिरावयाचे असून त्यासाठी धानखरेदीचाच एक अभ्यासपाठ आपण कल्पू. चालू असलेल्या कोणत्याही सरकारी संकेतस्थळाच्या रचनेचे हे वर्णन नव्हे. मात्र पाठातील हेक्टर, आर, कट्टे, दर आणि प्रोत्साहनपर रकमेचे नियम खरे घेतले आहेत, कारण बनावट उदाहरणावर शिकलेली विद्या केंद्रावरच्या पहिल्या गर्दीतच उघडी पडते.

आपल्या सर्व्हिसकडे तीन प्रकारची मागणी येईल असे धरू: शेतकऱ्याची नोंदणी करणे, त्याची शिल्लक विक्रीमर्यादा सांगणे आणि त्याने आणलेले धान जमा करून पावती देणे. या तिन्ही मागण्यांत कोणते रकाने असावेत, कोणता रकाना आवश्यक आणि कोणता ऐच्छिक, कोठे अक्षरे आणि कोठे अंक, उत्तर कोणत्या आकाराचे यावे, हे सर्व प्रथम एका वर्णनपत्रात लिहिले जाते. ते वर्णनपत्र जनरेटर नावाच्या साधनाच्या हाती दिले की ते क्षणार्धात शेकडो ओळींचा कोड, म्हणजे सर्व्हिसचा सांगाडा, तयार करून देते. आलेला मजकूर वाचून त्याचे रकाने सुटे करणे, आवश्यक रकाना रिकामा असल्यास मागणी परत पाठवणे, योग्य पत्त्यावरील मागणी योग्य फंक्शनपर्यंत पोचवणे, उत्तर पुन्हा ठरलेल्या नमुन्यात बांधणे, ही सगळी कंटाळवाणी परंतु चुकीला जागा न देणारी कामे त्या कोडात आयती झालेली असतात.

ही कल्पना नवीन नाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ॲण्ड्रू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या यंत्रावरील फंक्शन जणू आपल्याच यंत्रावर असल्याप्रमाणे हाकारता यावे अशी व्यवस्था सिद्ध केली आणि १९८४ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही टोकांचा जोडणीचा कोड वर्णनावरून आपोआप लिहून काढणारे ‘लुपिन’ नावाचे साधन त्यांच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होते. त्यानंतर सन कंपनीचे ‘आरपीसीजेन’, १९९१ मधील ‘कोर्बा’, २००१ मधील ‘डब्ल्यूएसडीएल’ ही वर्णनभाषा आणि तिच्यावरून जावा भाषेतील कोड काढणारी साधने, २०११ मध्ये खुले झालेले ‘स्वॅगर’ आणि २०१५ पासून लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली ‘ओपनएपीआय’ या नावाने वाढलेले त्याचे वर्णनशास्त्र, अशी ही परंपरा चालत आली. आज सर्वत्र वापरला जाणारा ‘ओपनएपीआय जनरेटर’ २०१८ मध्ये स्वॅगरच्या साधनापासून फुटून निघाला. प्रत्येक पिढीने वर्णनाची भाषा बदलली, श्रमविभाग मात्र बदलला नाही. संदेशाचा आकार यंत्राने सांभाळावा आणि संदेशाचा अर्थ माणसाने लावावा, ही बिरेल-नेल्सन यांच्या काळातील वाटणी आजही तशीच आहे.

जनरेटरने दिलेला कोड उघडून ‘धान जमा करा’ या फंक्शनपाशी यावे, तर तेथे काय आढळते? वर नाव आहे, कंसात रकान्यांची यादी आहे, आणि आत एकच ओळ: हे काम अद्याप लिहिलेले नाही, अशा अर्थाचे ५०१ क्रमांकाचे उत्तर परत करा. सर्व्हिस चालू केली तर ती चालते, मागणी स्वीकारते, रकाने तपासते आणि अत्यंत सभ्यपणे ५०१ सांगते. सातबाऱ्याच्या कोऱ्या नमुन्याचेही असेच असते: महसूल खात्याच्या १९७१ च्या नियमांनी गावनमुना सात आणि बारा यांचे रकाने आखून दिले. म्हणून कोऱ्या छापील नमुन्यावरून तलाठ्याला काय विचारावयाचे ते कळते, पण कोणत्या बांधीत काय पेरले आहे ते बांधावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. ज्याला या व्यवसायात बिझनेस लॉजिक म्हणतात आणि ज्याला मी येथे व्यवहारनियम म्हणतो, ते त्या ५०१ च्या जागी लिहावयाचे असतात. नवशिक्याची समजूत अशी असते की नव्वद टक्के काम यंत्राने केले आणि आपल्या वाट्याला उरलेले दहा टक्के आले. ओळी मोजल्या तर ते खरेही असेल. परंतु शेतकऱ्याचे पैसे योग्य येतात की अयोग्य, हे ठरविणारा सारा भाग त्या उरलेल्या ओळींतच असतो.

आता फंक्शनच्या आत जाऊ. केंद्रावरून संदेश आला: अमुक नोंदणी क्रमांकाच्या शेतकऱ्याने साधारण प्रतीच्या धानाचे ३७ कट्टे आणले, ओलावा १६ टक्के. कट्टा ४० किलोचा, म्हणून वजन १४ क्विंटल ८० किलो. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर २,३०० रुपये आणि ‘अ’ प्रतीचा २,३२० रुपये होता. तेव्हा या धानाचे ३४,०४० रुपये झाले. ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के, ती ओलांडलेली नाही. येथवरचे गणित शाळकरी मुलालाही जमेल. परंतु एवढे धान या शेतकऱ्याकडून घेता येते काय, हा प्रश्न उरतोच. शासन हंगामागणिक हेक्टरी उत्पादकता ठरवून देते आणि शेतकऱ्याच्या धानाखालील क्षेत्राला तिने गुणून त्याची विक्रीमर्यादा निघते. अन्यथा बाहेरच्या व्यापाऱ्याचे धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर खपविण्यास मोकळे रान मिळेल. म्हणजे फंक्शनला क्षेत्र माहीत हवे, त्या हंगामात आधी किती विकले ते माहीत हवे, आणि ‘त्या हंगामात’ या शब्दांचा नेमका अर्थही माहीत हवा. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यात जी बांधी पावसाळ्यात धान देते तीच उन्हाळ्यात पुन्हा धान देते, आणि दोन्ही धानांची खरेदी स्वतंत्र असते. मर्यादेचा हिशेब केवळ गट क्रमांकावर बांधणाऱ्याने उन्हाळी धानवाल्याचा हक्क बुडवला असे होईल. तो हिशेब हंगाम आणि गट क्रमांक या दोहोंवर मिळून बांधावा लागतो.

क्षेत्राचा रकाना तर स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. वर्णनपत्रात त्याच्यापुढे ‘संख्या’ एवढेच लिहिलेले असते आणि जनरेटर त्याप्रमाणे संख्या स्वीकारणारा कोड देतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर या मापांत असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर पाच आर हे क्षेत्र १.०५ असे लिहिले पाहिजे, पण नोंदणीच्या घाईत ‘एक, पाच’ असे ऐकून कोणी १.५ असे टंकले तर संख्या म्हणून त्यात काहीही गैर नाही. सांगाडा ती निमूटपणे आत घेईल आणि पंचेचाळीस आर जमीन कागदावर निर्माण होईल. उलट एक हेक्टर पन्नास आरचा धनी १.०५ ने नोंदला गेला तर त्याची तेवढीच जमीन नाहीशी होईल. यावर उपाय वर्णनपत्रातच करावा: हेक्टर आणि आर असे दोन स्वतंत्र पूर्णांकी रकाने मागावे आणि आरचा आकडा ९९ च्या पुढे जाऊ देऊ नये. त्याउपर व्यवहारनियमांच्या थरात ई-पीक पाहणीतील धानाच्या नोंदीशी आणि पोटखराबा वजा जाता उरणाऱ्या लागवडयोग्य क्षेत्राशी तो आकडा ताडून पाहावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या त्या पाहणीमुळे पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. हा ताळा घेण्यास त्यामुळे एक स्वतंत्र पुरावा हाती आला आहे, आणि तो न वापरणे ही केवळ आळशीपणाची गोष्ट होय. गट क्रमांकाचेही असेच आहे. त्याच्या नावात ‘क्रमांक’ आहे म्हणून त्याला पूर्णांकाचा रकाना देणाऱ्याच्या सर्व्हिसमध्ये ११२/१/अ हा पोटहिस्सा शिरूच शकणार नाही.

वजनाच्या बाबतीत एक सूक्ष्म धोका आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. जनरेटर ‘संख्या’ या शब्दाचा अर्थ बहुधा द्विमान पद्धतीत मांडलेली अपूर्णांकी संख्या असा लावतो, आणि त्या पद्धतीत ०.४ ही संख्या नेमकी मांडता येत नाही. चाळीस किलोचा कट्टा म्हणजे ०.४ क्विंटल, असे तीन कट्टे यंत्राने एकामागून एक मिळवले तर बेरीज १.२ येत नाही, १.२००००००००००००००२ येते. शेतकऱ्याची शिल्लक मर्यादा नेमकी १ क्विंटल २० किलो असेल, तर ‘बेरीज मर्यादेपेक्षा अधिक आहे काय’ या प्रश्नाला यंत्र ‘होय’ असे उत्तर देईल आणि तिसरा कट्टा परत जाईल. त्या शेतकऱ्याला, काट्यावरच्या माणसाला आणि केंद्राच्या सचिवाला, कोणालाच याचे कारण सांगता येणार नाही. म्हणून वजन किलोग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकांत ठेवावे, आणि क्विंटल किंवा रुपये फक्त पावतीवर छापताना करावे.

जंगलाच्या कडेच्या गावांत मोबाइलची रेघ येते-जाते. केंद्रावरच्या ऑपरेटरने धान जमा करण्याची कळ दाबली, संदेश पोचला, नोंद झाली, परंतु उत्तर परत येण्यापूर्वी जोडणी तुटली तर त्याच्या पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना तो कळ पुन्हा दाबणार, हे उघड आहे. बिरेल आणि नेल्सन यांनी प्रत्येक हाकेला ओळखचिन्ह देऊन एकाच हाकेचे दुबार पोचलेले तुकडे टाकून देण्याची तजवीज केली होती. परंतु माणसाने दुसऱ्यांदा दाबलेली कळ ही यंत्राच्या दृष्टीने नवीन हाक असते आणि खालच्या थराला तिचे नाते पहिलीशी लावता येत नाही. ते नाते व्यवहारनियमांनीच लावले पाहिजे. वजन भरण्याचा फॉर्म उघडताक्षणीच त्या वजनाला एक खूण द्यावी, ती मागणीबरोबर यावी, आणि तीच खूण पुन्हा आली तर नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यावी. एवढे केले नाही तर ३७ कट्ट्यांचे ७४ होतील आणि गोदामातील प्रत्यक्ष साठा कागदाशी जुळणार नाही. ती तफावत पुढे भरडाईपर्यंत पोचते, कारण गिरणीमालकाने शंभर किलो धानामागे ६७ किलो साधा तांदूळ शासनाला परत द्यावयाचा असतो आणि त्याचा हिशेब केंद्राच्या आकड्यांवरूनच सुरू होतो.

याहून अवघड प्रसंग सामाईक सातबाऱ्याचा. दोन भावांचे नाव एकाच गटावर आहे, शिल्लक मर्यादा २० क्विंटल आहे, आणि एकाच सकाळी दोघे दोन केंद्रांवर प्रत्येकी १५ क्विंटल घेऊन उभे आहेत असे समजा. दोन्ही मागण्या एकाच क्षणी येतात, दोन्हींना शिल्लक २० दिसते, दोन्हींना १५ बसतात असा निर्वाळा मिळतो आणि मर्यादेबाहेर १० क्विंटल जमा होऊन जाते. फंक्शन स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला यात चूक सापडणार नाही, कारण प्रत्येक ओळ आपापल्या ठिकाणी बरोबर आहे. शिल्लक पाहणे आणि त्यातून वजा करणे या दोन क्रिया माहितीकोशात एकाच अखंड व्यवहाराच्या रूपाने झाल्या पाहिजेत, आणि एका गटाचा व्यवहार चालू असेतो त्याच गटाच्या दुसऱ्याने क्षणभर थांबले पाहिजे. सांगाडा हे देत नाही. गट म्हणजे काय आणि भाऊ म्हणजे काय हे तो जाणत नाही. संमतीपत्राविना एका भावाने दोघांचे धान विकावे काय, हाही प्रश्न कोड लिहिणाऱ्याने स्वतःच्या तर्काने सोडवू नये. तो नियम लेखी मागून घ्यावा.

एवढे सर्व त्या ५०१ च्या जागीच, जनरेटरने दिलेल्या त्याच फाइलमध्ये, लिहून टाकण्याचा मोह फार होतो आणि तो आवरलाच पाहिजे. वर्णनपत्र कायम राहत नसते. उद्या ओलाव्याबरोबर काडीकचऱ्याचे प्रमाणही मागावे असा हुकूम येईल, वर्णनपत्रात रकाना वाढेल, जनरेटर पुन्हा चालवावा लागेल आणि तो आपली फाइल नव्याने लिहिताना तुमचे महिन्याचे श्रम पुसून टाकील. जॉन व्लिसिडेस या संगणकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात याच अडचणीवर एक रचना सुचविली होती: यंत्राने लिहिलेला वर्ग निराळा ठेवावा, माणसाने लिहिलेला वर्ग त्याचा वारस म्हणून निराळा ठेवावा, आणि दुसऱ्याला हात न लावता पहिला कितीही वेळा नव्याने काढता यावा. आजच्या जनरेटरात केवळ मुखपृष्ठवजा इंटरफेस काढून देण्याची किंवा आलेले काम दुसऱ्या वर्गाकडे सोपविण्याची सोय असते, आणि कोणत्या फाइलींना शिवू नये याची यादीही त्याला देता येते. मी यापुढे जाऊन असे म्हणेन की व्यवहारनियमांच्या वर्गाला आपण वेब-सर्व्हिसचा भाग आहोत हेही ठाऊक नसावे. त्याला शेतकरी, हंगाम, गट, वजन एवढेच दिसावे, आणि ५०१ सारखे उत्तरांचे आकडे त्याच्या कानीही पडू नयेत.

या विभक्तीचे मोल धानाच्या प्रोत्साहनपर रकमेच्या, ज्याला सगळा जिल्हा बोनस म्हणतो तिच्या, इतिहासावरून चांगले ध्यानात येते. २०२०-२१ मध्ये ही रक्कम क्विंटलमागे ७०० रुपये, ५० क्विंटलपर्यंत, अशी होती. म्हणजे तिचा आधार विकलेले वजन होते. २०२२-२३ मध्ये ती हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी झाली. आधारच पालटला आणि वजनाच्या जागी क्षेत्र आले. पुढील वर्षी दर हेक्टरी २०,००० झाला, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने धान विकले असो वा नसो, तो पात्र धरला गेला. ‘बोनस किती’ असे विचारणारा संदेश तिन्ही वर्षी अगदी तोच राहू शकतो: नोंदणी क्रमांक जातो, रुपये परत येतात. वर्णनपत्रात एका अक्षराचा फरक नाही, जनरेटरला कळण्याजोगे काहीही घडलेले नाही, आणि तरी आतला नियम मुळापासून निराळा झाला आहे. हे गणित एका फंक्शनमध्ये ‘जर-तर’ची भर घालीत लिहिणाऱ्याचा कोड तिसऱ्या वर्षी त्याचा त्यालाच उलगडत नाही; उलट हंगामानुसार स्वतंत्र नियम ठेवून फक्त कोणता नियम लावावयाचा एवढेच निवडणाऱ्याला दर वर्षी एक लहानसा नवा वर्ग लिहावा लागतो आणि जुन्याला हात लावावा लागत नाही. क्षेत्राच्या नोंदीतील ज्या चुकीचा वर उल्लेख केला, तिची किंमतही आता रुपयांत सांगता येते. २०,००० च्या दराने १.०५ हेक्टरचे २१,००० होतात आणि १.५ हेक्टरचे ३०,०००. म्हणजे एका शून्यामागे नऊ हजार रुपये.

नकाराविषयीही लिहिले पाहिजे. सांगाडा रकाने अपुरे असल्यास ४०० क्रमांकाचे उत्तर देतो, ते ठीकच आहे. परंतु मर्यादा संपली, ओलावा जास्त आला, बँक खाते आधारशी जोडलेले नाही, हंगामाची मुदत उलटली, हे नकार संदेशाच्या आकाराचे नसून व्यवहाराचे आहेत, आणि प्रत्येकाचा पुढचा मार्ग निराळा आहे: ओलाव्यासाठी धान दोन दिवस उन्हात पसरावे, खात्यासाठी बँकेत जावे, क्षेत्रातील चुकीसाठी तलाठी कार्यालय गाठावे. सर्वांना ‘मागणी अमान्य’ या एकाच वाक्यात गुंडाळणे म्हणजे दहा कोस ट्रॅक्टर हाकून आलेल्या माणसाला कारण न सांगता परत पाठवणे होय. नकाराचे कारण, मोजलेला आकडा आणि लागू असलेली मर्यादा ही तिन्ही उत्तरात स्वतंत्र रकान्यांत, आणि कारण स्वच्छ मराठीत, असले पाहिजे. त्यासाठी वर्णनपत्र पुन्हा उघडावे लागले तर अवश्य उघडावे.

नियम लिहून झाल्यावर त्यांची चाचणी लिहावी असे पुष्कळ जण सांगतात. माझे मत उलट क्रमाचे आहे. शासन निर्णय हाती घेऊन केंद्रावर वजनाचे काम करणाऱ्या माणसाजवळ बसावे, गेल्या हंगामात अडलेली प्रकरणे त्याला नावे वगळून सांगावयास लावावी, आणि प्रत्येक प्रकरणात काय व्हावयास हवे होते हे त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. खातेदार वारला आणि वारसाचा फेरफार मंजूर झाला नाही. अर्ध्या बांधीत धान आणि अर्धीत तूर आहे. नोंदणी एका केंद्रावर आणि धान दुसऱ्यावर आले. शेवटचा कट्टा ४० ऐवजी २३ किलोचाच भरला. ही प्रकरणे वर्णनपत्रात कोठेही नसतात. तीच पहिल्या चाचण्या होत, आणि रिकामे फंक्शन त्यांच्यापुढे ५०१ म्हणत नापास होत असतानाच नियम लिहावयास घ्यावे.

शेवटी प्रत्येक पावतीबरोबर तिच्यामागचा आधारही जपून ठेवावा. रक्कम खात्यावर जमा होण्यास विलंब लागतो, आणि चार महिन्यांनी शेतकरी सेवा सहकारी संस्थेत येऊन आपले पैसे इतकेच कसे, असे विचारतो. त्या वेळी चालू हंगामाचा दर घेऊन केलेला नवा हिशेब त्याच्या पुढे ठेवणे चुकीचे ठरेल. त्या दिवशी धरलेले क्षेत्र, मोजलेले वजन, ओलावा, प्रत, लावलेला दर, नियमाची आवृत्ती आणि ज्या शासन निर्णयाने तो नियम आला त्याची तारीख, हे सर्व पावतीच्या नोंदीतच असले म्हणजे संस्थेच्या कारकुनाला त्याच खिडकीत ते वाचून दाखविता येते, आणि त्यात काही चूक निघाली तर ती दुरुस्त करण्याचा अर्जही तेथेच लिहून घेता येतो.